तू कोणतं इव्हा पाहिलंस?

हे आपल्या ताज्या भागाचं लेखी रूप. भाग ऐकायला वेळ नसेल किंवा गाडीत नेटवर्क जात असेल, तर वाचून काढा. बोलतानाचे 'अं…' आणि 'म्हणजे कसं' तेवढे कापलेत, बाकी सगळं तसंच आहे. इव्हँजेलियन अजून पाहिलं नसेल तर बिनधास्त वाचा, शेवट फोडलेला नाही. चोविसाव्या भागातल्या एका वाक्याबद्दल मात्र बोललोय.

आजचा विषय एका भांडणातून आलाय. जागा कर्जत स्टेशन, दोघांच्या हातात वडापाव आणि मित्राची खोपोली लोकल सुटायला वीस मिनिटं बाकी. भांडण कशावरून? 'नेऑन जेनेसिस इव्हँजेलियन'च्या भागांच्या शेवटी गाणं आहे की नाही, यावरून.

तो म्हणाला, "आहे. इंग्लिश गाणं आहे, फ्लाय मी टू द मून."

मी म्हणालो, "काहीही काय! नुसतं संगीत वाजतं."

"मग तू इव्हा पाहिलंच नाहीस."

"तूच भलतं काहीतरी पाहिलंयस."

वीस मिनिटं अशीच गेली. गाडी सुटली तेव्हा तो दारातून ओरडून शेवटचा मुद्दा मांडत होता. नंतर घरी येऊन शोधलं, तर दोघंही खरं बोलत होतो. त्याने हॉस्टेलच्या हार्ड डिस्कवर फिरत आलेली जुनी प्रत पाहिली होती, तर मी २०१९ मध्ये, नोकरी नवीन असताना, ठाण्याला जाता-येता नेटफ्लिक्सवर पाहिलं होतं. मालिका एकच, पण प्रती दोन.

आधी थोडक्यात

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही मालिका जपानमध्ये टीव्ही टोकियोवर ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात लागली. एकूण २६ भाग, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. चौदा वर्षांचा शिंजी, त्याला वर्षानुवर्षं न भेटलेला बाप आणि बाप बोलावतो तेही कशासाठी, तर 'इव्हा' नावाच्या महाकाय यंत्रात बसून लढायला. इव्हाच्या पाठीला विजेची जाडजूड केबल असते. ती तुटली की बॅटरीवर पाच मिनिटं, पूर्ण ताकद लावली तर एकच मिनिट. सहाव्या भागात एका बंदुकीसाठी अख्ख्या जपानची वीज एकत्र करतात. माझ्या मित्राचा हा सगळ्यात आवडता भाग. खोपोलीचं वीजघर १९१५ पासून मुंबईला वीज पाठवतंय, त्यामुळे 'वीज आमच्याकडची, उजेड दुसरीकडे' हे दुःख त्याला लगेच कळतं.

रिलीज म्हणजे बिल्ड

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून मला हे असं समजतं. एकाच ॲपचे वेगवेगळे बिल्ड असतात ना, तसंच मालिकांचंही असतं. टीव्हीवर लागलेली आवृत्ती वेगळी, कॅसेटवरची वेगळी, डिस्कवरची वेगळी, ॲपवरची आणखी वेगळी. इव्हाचे २१ ते २४ हे भाग घरच्या व्हिडिओसाठी काढताना त्यात नवी दृश्यं घातली गेली. म्हणजे १९९६ मध्ये टीव्हीवर पाहणाऱ्याने आणि नंतर व्हिडिओवर पाहणाऱ्याने तंतोतंत तेच पाहिलं नाही.

नंतरच्या चित्रपटांनी तर हे उघडच कबूल केलं. पहिला चित्रपट २००७ मध्ये थिएटरला १.० म्हणून आला, डीव्हीडीवर १.०१ झाला आणि ब्लू-रेवर काही दृश्यं वाढून १.११ झाला. दुसऱ्याचा २.२२ आणि तिसऱ्याचा ३.३३. शेवटचा १३ ऑगस्ट २०२१ ला प्राइम व्हिडिओवर आपल्याकडेही आला, तो ३.०+१.०१. आमच्या ऑफिसात आवृत्तीचा नंबर न सांगता 'ॲप चालत नाही' अशी तक्रार केली, तर तिकीट तसंच परत येतं. चाहत्यांच्या भांडणांनाही हाच नियम लावायला हवा.

गाणं कुठे गेलं?

'फ्लाय मी टू द मून' हे गाणं बार्ट हॉवर्डने १९५४ मध्ये लिहिलेलं. इव्हाच्या शेवटी ते यायचं, तेही वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या आवाजांत आणि चालींत. २१ जून २०१९ ला नेटफ्लिक्सवर मालिका आली, तेव्हा आपल्यासकट बहुतेक देशांत ते गायब होतं. त्या जागी मालिकेतलंच पार्श्वसंगीत लावलं होतं.

गाण्याचे हक्क मालिकेच्या हक्कांपेक्षा वेगळे असतात. कोणत्या देशात, कोणत्या माध्यमावर, किती वर्षांसाठी, याचा प्रत्येक वेळी वेगळा करार लागतो. त्यामुळे चित्र तुम्हाला मिळतं आणि सूर अडकून पडतो. २०२१ च्या अखेरीस अमेरिकेत जीकिड्स कंपनीने ब्लू-रे संच काढला, त्यातही गाणं आलं नाही. डिस्क विकत घेणारे जास्त चिडले ते यामुळे. ॲपवर नाही तर नाही, पण खणखणीत पैसे मोजून घेतलेल्या डब्यातही नाही?

याची दुसरी बाजूही आहे, आणि त्या बाजूला मीच होतो. मी गाण्याशिवायच पाहिलं आणि मला काहीच खटकलं नाही. नसलेली गोष्ट खटकायला ती कधीतरी असावी लागते. पण नंतर गाण्यासकट एक भाग पाहिला. पोरं मरता मरता वाचलेली असतात आणि लगेच कुणीतरी निवांत चंद्रावर जायचं गाणं म्हणतं. अंगावर काटा आला. तेव्हा मित्राला फोन करून म्हटलं, "बाबा, तू जिंकलास."

'सुकी' म्हणजे काय?

आता खरं भांडण. चोविसाव्या भागात काओरू नावाचा मुलगा शिंजीला एक वाक्य बोलतो. त्यातला जपानी शब्द आहे 'सुकी'. भेळेतली सुकी नव्हे! जुन्या इंग्लिश आवृत्तीत त्याचा अर्थ 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असा यायचा. २०१९ साठी नवं भाषांतर आणि नवं डबिंग झालं, त्यात ते 'लाइक'वर आलं. 'लव्ह'चं 'लाइक' झाल्यावर जगभर राळ उडाली.

एक गट म्हणाला, हे मुद्दाम पातळ केलंय, दोन मुलांमधलं नातं लपवलंय. दुसरा गट म्हणाला, जपानी शब्दच मोघम आहे आणि भाषांतराने तो मोघमच ठेवायला हवा. मला वाटतं, अडचण इंग्रजीची आहे. तिथे 'लाइक' आणि 'लव्ह' या दोन वेगळ्या खोल्या आहेत, एक निवडावीच लागते. मराठीत मात्र मध्ये भिंतच नाही. मला आंबा आवडतो. कांदेपोहे झाले की घरचे विचारतात, "मुलगी आवडली का?" आणि कॉलेजात कुणी खाली मान घालून "मला ती आवडते" म्हणाला, की 'कोणत्या अर्थाने' असं कुणी विचारत नाही. 'तू मला आवडतोस' एवढं लिहिलं असतं तर मोघमपणाही राहिला असता आणि धडधडही.

माझ्या मित्राने ते वाक्य हॉस्टेलमध्ये, रात्री, एकट्याने पाहिलं होतं, जुन्या भाषांतरात. त्या एका शब्दावर त्याचं काय काय उभं होतं ते त्याने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं. ते त्याचं आहे, इथे सांगणार नाही. त्याला विचारून एवढंच सांगतो की मी त्याला हसत म्हणालो होतो, "अरे, तो फक्त लाइक म्हणतो," तेव्हा तो गप्प का झाला ते मला कळलं नव्हतं. मी नवी आवृत्ती पाहिलेला शहाणा होतो आणि माझ्या आवृत्तीतल्या शब्दाने त्याचा शब्द खोडत होतो. म्हणून आता कुणी 'एका शब्दासाठी काय रडता' म्हणालं, की मी हसत नाही.

चित्र: चिमटा आणि ४८०पी

आपण बहुतेक जण फोनवर पाहतो, तर हेही बोलू. मालिका ४:३ मापाची आहे, जुन्या डबा टीव्हीची चौकट. फोनवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. मग आपण काय करतो? दोन बोटांनी ताणून पडदा भरतो, आणि त्याबरोबर वरचं-खालचं चित्र कापलं जातं. राक्षसी यंत्राच्या मालिकेत वर डोकं असतं आणि खाली विजेचे खांब. दोन्ही कापले की इव्हा मोठं वाटणार कसं? पट्ट्या राहू द्या.

दुसरं, नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये १९९ रुपयांचा फक्त मोबाइलवर चालणारा प्लॅन आणला. नंतर तो १४९ चा झाला. त्यात चित्र ४८०पी. मीही तोच घेतला होता. तेव्हा 'रंग फिके आहेत, रेघा पुसट आहेत' असं मी ठासून सांगायचो. तो दोष मालिकेचा नव्हता, माझ्या प्लॅनचा होता.

आपल्या कपाटात का नाही?

२००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा घरोघरी सिनेमांची चळत लागली. पण त्यात जपानी यंत्रमानव काही आले नाहीत. आता बाहेरून डिस्क मागवावी म्हटलं तर प्रदेशाचं कुलूप आडवं येतं. ब्लू-रेसाठी जपान आणि अमेरिका प्रदेश 'ए'मध्ये, युरोप 'बी'मध्ये आणि आपण 'सी'मध्ये. डीव्हीडीसाठी आपण पाच नंबरचे. कुलूप असलेली परदेशी डिस्क आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर चालत नाही, त्यासाठी सगळे प्रदेश वाचणारा प्लेअर लागतो.

म्हणजे आपल्यासाठी होम व्हिडिओ म्हणजे ॲपच. आणि ॲपमधलं 'डाउनलोड' ही आपली प्रत नसते, ती उसनी असते. मुदत संपली किंवा करार संपला की जाते.

माझ्या मामाला विचारा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' लागायचं. ते ॲनिमे नव्हे, खरी माणसं असलेली १९६७-६८ ची जपानी मालिका, मनगटी घड्याळातून यंत्राला हुकूम देणाऱ्या मुलाची. शेवटी रोबॉट स्वतःचा जीव देतो, तेव्हा मामा ढसाढसा रडला होता. २०१३ मध्ये अमेरिकेत तिचा डीव्हीडी संच निघाला, पण मामाकडे आहे ती फक्त आठवण. त्याच्याशी वाद घालताच येत नाही, कारण ताडून पाहायला घरात प्रत नाही. आणि मित्राची ती हार्ड डिस्क? दोन पावसाळ्यांपूर्वी बंद पडली. त्याचं इव्हाही आता मामाच्या रोबॉटसारखंच, डोक्यात.

तर मंडळी

चाहत्यांची मतं म्हणजे नुसती किरकिर नसते, चांगलं मत हा बग रिपोर्ट असतो. २०१९ च्या डबिंगमध्ये आवाज बदलले म्हणून लोक बोलत राहिले. २०२१ मध्ये प्राइमवरच्या चित्रपटांत शिंजीचा जुना इंग्लिश आवाज, स्पाइक स्पेन्सर, परत आला. जीकिड्सने महागड्या आवृत्तीत जुनं डबिंगही घातलं. जुनं जपून ठेवा, असं कुणीतरी म्हणत राहावं लागतं.

फक्त मत देताना चार गोष्टी सांगा: कुठे पाहिलं, कोणत्या भाषेत, कोणत्या वर्षीची आवृत्ती आणि किती मोठ्या पडद्यावर. आणि समोरचा काही वेगळं सांगत असेल, तर 'तू पाहिलंच नाहीस' म्हणण्याआधी विचारा, 'तू कोणतं पाहिलंस?' हे मी आधी विचारलं असतं, तर एक गोष्ट मला बरीच वर्षं आधी कळली असती.

पुढच्या भागात भेटू. तोवर पडद्याला चिमटे काढू नका!