पत्र्यावर दगड ठेवून शेड टिकत नाही! अंगणातलं शेड आणि मुलांचं खेळघर बांधताना काय बघाल?

वळवाचा पाऊस यायच्या आधी वारा सुटतो आणि गावात एकच धावपळ होते. कुणी वाळवण गोळा करतं, कुणी गुरं आत घेतं, तर कुणी शिडी लावून शेडच्या पत्र्यावर आणखी दोन दगड चढवतं. दगड ठेवला की पत्रा उडणार नाही, असं आपण लहानपणापासून बघत आलोय. पण खरा धोका तिथेच आहे. जोराच्या वाऱ्यात पत्रा तर उडतोच, वर दगड खाली असलेल्या माणसाच्या नाहीतर जनावराच्या अंगावर येतो.

हल्ली घरामागे अवजारांसाठी, सरपणासाठी, दुचाकीसाठी शेड करतातच. सुट्टीत मुलांना खेळायला छोटं घर करून देण्याची हौसही वाढली आहे. दोन्ही बांधताना एकच गोष्ट आधी समजून घ्यायला हवी: शेड वजनाने खाली पडण्यापेक्षा वाऱ्याने वर उचललं जाण्याचा धोका जास्त असतो.

पत्रा उडतो कशामुळे?

वारा छपरावरून वेगाने जातो तेव्हा तो पत्रा वर ओढतो. शेड बाजूने उघडं असेल तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो. वरून ओढ आणि खालून धक्का, असा दुहेरी जोर बसतो.

10 फूट बाय 10 फूट शेडचा ढोबळ हिशेब बघा. नेहमीच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांचं मिळून वजन भरतं साधारण 45 किलो. वाऱ्याचा वेग ताशी 50 किलोमीटर असेल तर एवढ्या छपरावर साधारण 110 किलोचा जोर येऊ शकतो. वेग 100 झाला तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो, म्हणजे 440 किलोच्या आसपास.

आता त्यावर दहा-दहा किलोचे आठ दगड ठेवले, तरी पत्र्यासकट सगळं मिळून वजन 125 किलो. म्हणजे साध्या वाऱ्यात दगड पुरतात. म्हणूनच ते चार वर्षं काम करतात आणि पाचव्या वर्षी घात करतात. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर होता. कोकणात किती घरांचे पत्रे गेले, ते लोक अजून विसरलेले नाहीत.

शेड म्हणजे साखळी

पत्रा आडव्या पाइपाला धरलेला, आडवा पाइप खांबाला, खांब पायाला आणि पाया जमिनीत. यातली एक कडी कच्ची असली की बाकीच्या कितीही पक्क्या असून उपयोग नाही.

*पाया:* खांब नुसता पुरून माती दाबली तर तो उपसून येतो. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा काँक्रीटने भरला तर त्याचं वजन साधारण 135 किलो होतं. चार खांबांचे मिळून 540 किलो. म्हणजे वरच्या हिशेबातल्या 440 किलोला पुरून उरतं. पाइपाच्या खालच्या टोकाला सळईचा आडवा तुकडा वेल्ड करून घ्या, म्हणजे पाइप काँक्रीटमधून सुटत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे तिथे खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा.

*सांगाडा:* खांब आणि आडवा पाइप यांच्या कोपऱ्यात तिरपा पाइप द्या. तो नसेल तर शेड वाऱ्यात डुलतं आणि वेल्डिंगचे जोड हळूहळू सुटतात.

*पत्रा:* बाइंडिंगची तार गंजते, तिच्यावर भरवसा नको. रबरी वायसर असलेले स्क्रू किंवा जे हुक वापरा. पन्हळी पत्र्याला भोक उंच भागावर पाडायचं. खोलगट भागात पाडलं तर पाणी गळतं. वाऱ्याची ओढ कडेला आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त असते. म्हणून कडेला दर दुसऱ्या पन्हळीवर आणि मध्ये दर तिसऱ्या-चौथ्या पन्हळीवर स्क्रू हवा. पागोळीसाठी पत्रा फुटभराहून जास्त बाहेर काढू नका, खालून वाऱ्याला धरायला तेवढी जागा मिळते.

*उतार:* 10 फुटांच्या रुंदीला दोन फूट उतार ठेवला तर पाणी साचत नाही. आपल्याकडे पाऊस बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा पत्र्यावर पत्रा चढवताना उघडी कड त्या बाजूला येऊ देऊ नका.

मुलांच्या खेळघराला पत्रा हवाच कशाला?

खेळघर हलकं असतं, त्यामुळे ते उलटण्याची भीती आणखी जास्त. त्यात पत्रा उन्हाळ्यात एवढा तापतो की दुपारी मूल आत बसूच शकत नाही. मग छप्पर झावळ्यांचं, बांबूच्या तट्ट्याचं किंवा शेतीच्या हिरव्या जाळीचं करा. जाळीतून बराच वारा पार होतो, म्हणून जोर कमी बसतो. नुसता बांबूचा सांगाडा उभारून पावसाच्या सुरुवातीला त्यावर दोडका, वाल किंवा गोकर्णाचा वेल चढवला, तर दोनेक महिन्यांत हिरवं छप्पर तयार होतं. वर भाजी मिळते ती वेगळीच. गवत, पाचट, झावळ्या वापरल्या तर चूल आणि बंब मात्र लांब ठेवा.

आकाराची कल्पना मुलांनाच विचारावी. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या पोरांना बुरूज आणि तटबंदी सांगावी लागत नाही. फळीला चार खिडक्या कापून लाल रंग दिला की एसटी तयार. जुन्या बैलगाडीचं चाक लावलं की गाडी, पुढे टोक काढलं की होडी. ज्वारीच्या राखणीचं मचाण ज्यांनी बघितलंय, त्या आजोबांना हाताशी घेतलं तर अर्धं काम झालंच.

कल्पना कितीही लढवा, पण एवढं पाळा:

• जमिनीपासून उंची दोन फुटांपेक्षा जास्त नको. खाली फरशी किंवा कोबा नको, वाळू टाका.

• कठड्याच्या दोन काठ्यांमधलं अंतर साडेतीन इंचांपेक्षा कमी ठेवा. जास्त असलं तर लहान मुलाचं अंग पलीकडे जातं आणि डोकं अडकतं.

• दाराला बाहेरून कडी नको.

• बांबूत थेट खिळा ठोकला तर तो चिरतो. आधी ड्रिलने भोक पाडून बोल्ट लावा किंवा काथ्याने घट्ट बांधा. बांबूचं बूड मातीत न पुरता काँक्रीटमधून वर काढलेल्या लोखंडी पट्टीला बोल्टने आवळा, म्हणजे वाळवी आणि ओल लवकर लागत नाही.

• जुने सिमेंटचे पत्रे कापून वापरू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

• औषध फवारणीचे रिकामे डबे आणि ड्रम कितीही धुतले तरी खेळायला देऊ नका.

• विहीर, शेततळं, विजेची तार आणि सरपणाचा ढीग यांपासून जागा लांब असावी. सरपणात विंचू-साप दडतात.

लोखंडी शेडमध्ये वायर नेणार असाल तर ती पाइपातून न्या, अर्थिंग करून घ्या आणि गळतीचा करंट तोडणारा स्विच बसवा. वायरचं कव्हर सोलून ती पत्र्याला टेकली तर अख्खं शेड करंट मारतं.

पैसे देण्याआधी तीन प्रश्न

बहुतेक गावांत शेडचा दर चौरस फुटावर ठरतो. त्यामुळे जमिनीत काय गेलं हे कुणी विचारत नाही. काम ठरवताना वेल्डरला एवढंच विचारा: खड्डा किती खोल आणि त्यात काँक्रीट किती? कोपऱ्यात तिरपा पाइप आहे का? कडेला स्क्रू किती अंतरावर? आणि खड्डे भरताना स्वतः उभं राहा, कारण नंतर ते दिसत नाहीत.

शेड आधीचंच असेल तर दरवर्षी एप्रिलमध्ये एकदा स्क्रू, हुक आणि गंज तपासा. ढिले झालेले आवळा आणि वरचे दगड उतरवून टाका. वारा सुटल्यावर मात्र पत्र्यावर कुणीही चढू नये.

विजा चमकायला लागल्या की मुलांना खेळघरातून आणि शेडमधून पक्क्या घरात आणा. उघडं शेड विजेपासून वाचवत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप मोबाइलमध्ये असेल तर आपल्या भागात वीज पडण्याची शक्यता आहे का, ते थोडं आधी कळतं.