जवळचा फूड ट्रक शोधणारी वेबसाइट

फूड ट्रकचा पत्ता रोज बदलतो. लॉस एंजेलिसचा ‘कोगी’ ट्रक २००८ मध्ये सुरू झाला. आज कुठे उभा आहे, हे तो ट्विटरवर कळवत असे.

सॅन फ्रान्सिस्को शहर फूड ट्रकच्या परवान्यांची यादी सर्वांसाठी खुली ठेवते. तीत पत्ता, पदार्थ, परवान्याची स्थिती आणि अक्षांश-रेखांश असतात. वेबसाइट बनवताना या यादीतले मुदत संपलेले परवाने आधी गाळावेत.

ग्राहकाचे स्थान ब्राउझर परवानगी घेऊनच देतो, तेही सुरक्षित जोडणीवर.

खरी गंमत अंतरात आहे. सॅन फ्रान्सिस्कोत एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, रेखांश मात्र ८८. म्हणून नुसती वजाबाकी फसते. गोलावरच्या दोन बिंदूंमधले अंतर काढणारे हॅवरसाइन सूत्र वापरावे.

परवाना म्हणजे हजेरी नव्हे, त्यामुळे ट्रकच्या वेळाही दाखवाव्यात.