विश्लेषण : चाळीच्या कठड्याचे पेन करायचे, तर ड्रिल कोणते वापरावे?

गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या जुन्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत आहेत. जिने, कठडे, तुळया यांतला बर्मा साग पाडकामात निघतो आणि घर सोडणाऱ्याला त्यातला वीतभर तुकडा जवळ ठेवावासा वाटतो. (तो उचलण्याआधी मालकाला किंवा कंत्राटदाराला जरूर विचारावे, या लाकडाला भाव असतो.) अशा तुकड्याचे पेन करता येते. पण तुकडा एकच असतो, आणि तो हातचा जाण्याची खरी भीती असते ती भोक पाडताना.

भोक इतके नाजूक का?

लाकडी पेनच्या आत पितळी नळी चिकटवलेली असते. सडपातळ पेनला 7 मिमीच्या दोन नळ्या लागतात, प्रत्येकी साधारण 53 मिमी लांब. पेनची जाडी 11 मिमी धरली, तर नळीभोवती लाकूड उरते जेमतेम 2 मिमी. शिवाय भोक टोकाकडून, तंतूंच्या दिशेने पाडायचे असते. तंतू बिटला आपल्याकडे ओढतात, भुसा आत अडकतो, बिट तापते आणि वर्षानुवर्षे वाळलेले लाकूड तडकते.

भोक अगदी मधोमधच हवे, हा मात्र गैरसमज आहे. लेथवर तुकडा त्या भोकाभोवतीच फिरतो. त्यामुळे 19 मिमीच्या चौकोनी तुकड्यात भोक एक-दोन मिमी सरकले तरी बिघडत नाही. कठड्याची पट्टी 14-15 मिमीचीच असेल, तर मात्र ही सूट नाही.

बिट कोणते?

घरातल्या ड्रिलसोबत आलेली बिटे बहुधा भिंतीसाठीची असतात. ती लाकूड कापत नाहीत, घासतात. ती बाजूला ठेवावीत आणि मशीनचा हॅमर बंद करावा. चपटे, पात्यासारखे बिटही या कामाचे नाही. मग उरतात दोन. एक, मध्ये टोचणी असलेले खास लाकडाचे बिट. दुसरे, धातूला वापरतात ते साधे एचएसएस, 118 अंशांच्या टोकाचे. टोचणीवाले सुरुवात नेमकी करते आणि नव्या लाकडात सुरेख चालते. जुन्या सागात मात्र तुटलेल्या खिळ्याचा तुकडा दडलेला असू शकतो. त्यावर टोचणीवाल्याची कड चटकन जाते, एचएसएस थोडे तरी सहन करते. म्हणून चाळीच्या लाकडाला नवे, धारदार एचएसएसच बरे. तरीही आधी लोहचुंबक फिरवून घ्यावा.

प्रमाणित लांबीच्या 7 मिमी बिटाची एकूण लांबी 109 मिमी आणि नागमोडी खाचांचा भाग 69 मिमी असतो. 53 मिमीच्या नळीला ते पुरते. दुकानात माप मिलिमीटरमध्येच सांगावे. पाव इंची म्हणजे 6.35 मिमी, त्यात नळी जाणार नाही. शक्य असेल तर नळी सोबत न्यावी. तेरा बिटांच्या स्वस्त संचापेक्षा एक चांगले बिट घेणे शहाणपणाचे.

त्याआधी एक प्रश्न रिफिलचा. सडपातळ पेनला क्रॉस पद्धतीची बारीक रिफिल लागते, ती प्रत्येक स्टेशनरी दुकानात मिळत नाही. पार्कर पद्धतीची सहज मिळते, पण ती घेणाऱ्या जाड ‘सिगार’ पेनला 10 मिमीचे भोक लागते. म्हणजे बिट ठरते ते रिफिलवरून.

मशीन विकत घ्यावे का?

एका पेनसाठी मुळीच नाही. हातातल्या ड्रिलने सरळ भोक पाडणे सरावलेल्या हातालाही कठीण आहे. स्टँडवर बसवले तर निभावते. टेबलावरचे बेंच ड्रिल उत्तम, पण दहा बाय बाराच्या खोलीत ते ठेवणार कुठे? आपले बिट घेऊन ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाणे सोपे. बिटे मिळण्याचे ठिकाण म्हणजे नागदेवी स्ट्रीट. करी रोड, चिंचपोकळीहून धीमी लोकल पकडून मशीद स्थानकात उतरावे. गिरगावकरांना तर काळबादेवी ओलांडली की पोहोचलेच.

मशीन सुरू झाल्यावर बिटाचे टोक एकाऐवजी दोन दिसले, तर बिट वाकले आहे किंवा चक खराब आहे. अशा वेळी भोक सैल होणारच, म्हणून आधी टाकाऊ लाकडावर पाडून नळी घालून पाहावी. तुकडा व्हाइसमध्ये घट्ट धरावा, हाताने नव्हे, आणि हातमोजे घालू नयेत. गती मिनिटाला 500 ते 1000 फेरे. दर सेंटिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झटकावा. धूर दिसला तर थांबावे, लाकूड निवू द्यावे.

सर्वाधिक तुकडे फुटतात ते बिट पलीकडून बाहेर पडताना. त्यामुळे तुकडा नळीपेक्षा सात-आठ मिमी लांब ठेवावा, भोक नळीच्या लांबीपेक्षा किंचित जास्त पाडून आरपार होण्याआधीच थांबावे, आणि उरलेले बंद टोक बारीक दातांच्या करवतीने कापून टाकावे.