हत्तीच्या अंगावरची अक्षरं

७ नोव्हेंबर १८७४ च्या ‘हार्पर्स वीकली’ या अमेरिकी साप्ताहिकात टॉमस नॅस्टचं एक व्यंगचित्र आहे. सिंहाचं कातडं पांघरलेलं गाढव उधळलंय, रानातली जनावरं सैरावैरा पळताहेत आणि एक अगडबंब हत्ती खड्ड्याच्या काठावर डगमगतोय. कातडं पांघरलेल्या गाढवाची गोष्ट वाचकांना लहानपणापासून पाठ. त्यामुळे भीती पोकळ आहे, हे सांगायला शब्द लागलेच नाहीत. पण भीती कसली? अध्यक्ष ग्रँट तिसऱ्यांदा उभे राहतील आणि हुकूमशहा होतील, अशी हूल एका वृत्तपत्राने उठवली होती. ते काही गाढवाच्या तोंडावरून कळेना, म्हणून त्याच्यावर ‘सीझरशाही’ असं लिहावं लागलं. हत्तीवर लिहिलं होतं, ‘रिपब्लिकन मतं’.

खरी गंमत पुढेच आहे. नॅस्ट तो हत्ती पुन्हा पुन्हा काढत राहिला, इतरांनीही तो उचलला आणि हळूहळू अक्षरांची गरजच संपली. आज हत्ती हे रिपब्लिकन पक्षाचं अधिकृत चिन्ह आहे!

तोच हत्ती २९ मार्च १९५० च्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये भेटतो. डांबराच्या बादल्यांची डळमळती उतरंड रचलेली, आणि पक्षाचे पुढारी हत्तीला तिच्यावर चढवायला बघताहेत. हत्ती पाय रोवून उभा. सगळ्यात वरच्या पिंपावर व्यंगचित्रकार हर्ब्लॉकने लिहिलं, ‘मॅकार्थीइझम’. सिनेटर जोसेफ मॅकार्थी तेव्हा जिकडेतिकडे कम्युनिस्ट असल्याचे बेछूट आरोप करत सुटले होते. या राजकारणाचं हे नाव रूढ होण्याचं श्रेय त्या पिंपाला दिलं जातं. इथे उलटंच घडलं: चित्र मागे पडलं आणि लेबल शब्दकोशात जाऊन बसलं.

याच्या बरोबर साठ वर्षं आधी, २९ मार्च १८९० ला, लंडनच्या ‘पंच’मध्ये जॉन टेनिएलने जहाजाच्या शिडीवरून उतरणारा एक वृद्ध वाटाड्या काढला. वर कठड्यावर रेलून मुकुटधारी तरुण त्याच्याकडे बघतोय. दोघांच्याही अंगावर नाव नाही. जर्मनीचा तरुण सम्राट कैसर दुसरा विल्हेल्म याने वयोवृद्ध चॅन्सेलर बिस्मार्कला नुकतंच पायउतार केलं होतं. वाचकांनी दोघांना चेहऱ्यांवरून ओळखलं. आज मात्र खाली दोन ओळींचा खुलासा नसेल तर अर्धी मजा निसटते.

तेव्हा लेबल हवं की नको, हे चित्रकाराच्या हातापेक्षा वाचकाच्या ओळखीवर ठरतं. आणि ओळख वाढते तशी पुसलीही जाते. आर. के. लक्ष्मण यांच्या सामान्य माणसाचं धोतर आणि चौकड्यांचा कोट आपल्याला पुरतो. शंभर वर्षांनंतरच्या वाचकाला पुरेलच असं नाही. म्हणून जुनं व्यंगचित्र हाती आलं की लेबलं वाचून झाल्यावर आणखी एक करावं: कशाकशावर नाव लिहिलेलं नाही, ते शोधावं. त्या काळी घराघरांत काय माहीत होतं, याची इतकी नेमकी यादी दुसरीकडे क्वचितच मिळेल.