आकाशकंदील कसा करावा

आमच्या शेजारच्या खोलीत लातूरकडचे एक काका राहतात. ते चाकणला कंपनीत कामाला आहेत. दिवाळीत त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून गावाला जाता आलं नाही. मग मी त्यांच्यासाठी आकाशकंदील केला. तो कसा करतात ते सांगतो.

साहित्य : बांबूच्या २४ कामट्या, दोरा, पतंगाचा कागद, पिठाची पातळ खळ.

कामट्या अगदी सारख्या लांबीच्या पाहिजेत. ४ कामट्यांचा १ चौकोन, असे ६ चौकोन बांधावेत. ४ चौकोन टोकावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा बांधावा. त्यांच्या वरच्या ४ टोकांना पाचवा आणि खालच्या ४ टोकांना सहावा चौकोन बांधावा. मध्ये आपोआप ८ त्रिकोण होतात. माझी एक कामटी आखूड होती, तर सगळा सांगाडाच वाकडा झाला! आजोबा म्हणाले, "सोड आणि परत बांध." मी परत बांधला.

मग कागद चिकटवावा. वरचा चौकोन उघडा ठेवावा, कारण दिव्याची गरम हवा वर जाते. खाली झिरमिळ्या लावाव्यात. एलईडीचा दिवा कमी तापतो, तोच घ्यावा. वायर मोठ्या माणसांनीच जोडावी.

नरकचतुर्दशीला पहाटे काका रात्रपाळीहून आले, तेव्हा कंदील त्यांच्या दारात लागला होता. ते बघतच राहिले. मग त्यांनी फोनवर त्यांच्या मुलीला दाखवला. ती म्हणाली, "पप्पा, मला पण पाहिजे."

आता तिच्यासाठी २४ कामट्या मी मोजून कापल्यात.