भाडे भिंतींचे की वर्दळीचे?

देवासचा एखादा दुकानदार कामानिमित्त इंदूरला येतो, राजवाड्याभोवती हिंडतो आणि एका दरवाजाच्या गाळ्याचे भाडे ऐकून थक्क होतो. ‘एवढ्यात आमच्याकडे सबंध घर मिळेल!’ हा त्याचा उद्गार आपण कितीदा तरी ऐकला असेल. विटा त्याच, चुना तोच. मग भाड्यात एवढे अंतर का?

ह्याचे उत्तर शोधावयास सराफ्याइतकी सोयीची जागा नाही. दिवसा तेथे सोन्याचांदीची तोलणी चालते. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलबीच्या कढया मांडल्या जातात. ओटा एकच, पण गिऱ्हाईक बदलले की त्याचा उपयोग बदलतो आणि मोलही. भाडे असते ते भिंतींचे नव्हे, दारावरून जाणाऱ्या वर्दळीचे.

ही वर्दळ एका दिवसात जमलेली नाही. १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. पुढे रेल्वे आली, कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. आसपासचे दुकानदार माल भरण्यास सियागंजात आणि कापड मार्केटात येऊ लागले. लहान गावातले दुकान त्या गावापुरते. इंदूरच्या दुकानाला अर्धा माळवा गिऱ्हाईक. शिवाय लहान गावाचा बाजार वेशीबाहेर सरकू शकतो, राजवाड्यासमोरचा चौक मात्र ताणून मोठा करता येत नाही.

‘भाडे फार, म्हणून माल महाग’ असे आपण सहज म्हणतो. डेव्हिड रिकार्डो ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये शेतजमिनीविषयी नेमके उलट सांगितले होते : खंड चढला म्हणून धान्य महागत नाही; धान्य महागले म्हणून खंड चढतो. दुकानाचेही पुष्कळसे तसेच आहे. विक्री होईल अशी खात्री असते, म्हणूनच मालकाला जास्त भाडे मागता येते.

कायद्याने ह्या हिशेबात आणखी एक गाठ मारली. मध्य प्रदेशच्या १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेवाढीला आणि भाडेकरूला काढण्याला बंधने घातली. अशा संरक्षणामुळे एकाच ओळीत जुन्या दुकानाचे भाडे नाममात्र, तर शेजारच्या नव्या दुकानाचे डोळे पांढरे करणारे, असा प्रकार घडू शकतो.

पण एक प्रश्न उरतोच. ही वर्दळ जमवली कोणी? घरमालकाने एकट्याने खास नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी बसलेल्या कासाराने, अत्तरवाल्याने, हलवायाने माणसांना त्या गल्लीची सवय लावली. त्या सवयीचेच मोल भाड्याच्या रूपाने वाढते आणि एक दिवस त्यांनाच ते झेपेनासे होते. ते उठून गेले, तर गल्लीत नवे झगझगीत फलक लागतील. पण मुद्दाम वाट वाकडी करून तेथे जावे, असे गिऱ्हाइकाला वाटेल काय?