पोलिसांच्या प्रतिबंधक नोटिसा आणि माहितीचा अधिकार

पोलिसांच्या प्रतिबंधक नोटिसा म्हणजे गुन्हा घडण्यापूर्वी किंवा किरकोळ तक्रारीनंतर पोलिसांनी एखाद्या व्यक्तीस दिलेली लेखी ताकीद होय. महाराष्ट्रात अशा ताकिदीस प्रसंगानुसार 'नोटीस', 'समजपत्र' किंवा 'समज' असे म्हटले जाते. या नोटिसा कोणत्या कायद्यान्वये, किती आणि कशाच्या आधारे दिल्या गेल्या, याची माहिती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये नागरिकास मागता येते. नोटीस ही शिक्षा नसते आणि ती बजावण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी लागत नाही. त्यामुळे तिची नोंद पाहण्याचा माहितीचा अधिकार हा एक प्रमुख मार्ग ठरतो.

नोटिसांचे प्रकार व कायदेशीर आधार

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने घेतली. त्यामुळे जुन्या नोटिसांवर जुने आणि नव्या नोटिसांवर नवे कलम आढळते.

कलम १६८ (जुने १४९) अन्वये दखलपात्र गुन्हा रोखणे हे प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. मोर्चे, उपोषणे, निवडणुका आणि सण यांच्या आधी बजावल्या जाणाऱ्या नोटिसा बहुधा याच कलमाखाली असतात. मात्र या कलमात 'नोटीस' हा शब्दच नाही. तिचा नमुना, तिचा अंमल किती काळ राहील आणि तिच्याविरुद्ध अपील कोठे करावे, यांपैकी काहीही त्यात सांगितलेले नाही. मे २०२२ मध्ये ध्वनिक्षेपकांविषयीच्या आंदोलनापूर्वी मुंबई पोलिसांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे अध्यक्ष राज ठाकरे यांना कलम १४९ अन्वये नोटीस दिली होती. ती वृत्तपत्रांतून सर्वांस कळली. सामान्य रहिवाशास दिलेल्या नोटिशीची नोंद मात्र सहसा पोलीस ठाण्याच्या दप्तरातच राहते.

कलम १२६ व १२९ (जुनी १०७ व ११०) अन्वये शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी बंधपत्र मागवले जाते. या तरतुदी जुन्या संहितेच्या आठव्या प्रकरणात होत्या. त्यावरूनच 'चॅप्टर केस' हा शब्द रूढ झाला. येथे कार्यकारी दंडाधिकाऱ्याने कलम १३० (जुने १११) नुसार मिळालेल्या माहितीचा सारांश, बंधपत्राची रक्कम आणि मुदत नमूद करणारा लेखी आदेश काढणे बंधनकारक आहे. मुंबईत विशेष कार्यकारी दंडाधिकारी म्हणून नेमलेले पोलीस अधिकारी हे काम पाहत आले आहेत.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५५ ते ५७ अन्वये हद्दपारीची, म्हणजेच तडीपारीची, कारवाई होते. त्यापूर्वी कलम ५९ नुसार संबंधित व्यक्तीस आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवून बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते.

समजपत्र हे अदखलपात्र तक्रारींत, उदाहरणार्थ शेजाऱ्यांतील भांडणात, विरुद्ध पक्षास दिले जाते. ही प्रशासकीय प्रथा आहे.

वरील प्रकारांत कायदेशीर संरक्षण सारखे नाही. हद्दपारीत म्हणणे मांडण्याची संधी व राज्य शासनाकडे अपील आहे, बंधपत्राच्या प्रकरणात चौकशी आहे. कलम १६८ ची नोटीस व समजपत्र यांबाबत मात्र अशी कोणतीही पायरी नाही. तरीही पुढे प्रतिबंधक कारवाईचा प्रस्ताव तयार होताना पूर्वीच्या नोटिसांचा आधार घेतला जाऊ शकतो.

अर्ज कोठे करावा

कांजूरमार्ग हे मध्य रेल्वेवरील विक्रोळी व भांडुप या स्थानकांमधील उपनगर मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडते. कांजूरमार्ग पोलीस ठाणे मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ ७ मध्ये येते. मुंबई पोलीस दलात सामान्यतः विभागाचे सहायक पोलीस आयुक्त हे जन माहिती अधिकारी आणि परिमंडळाचे पोलीस उपायुक्त हे प्रथम अपिलीय प्राधिकारी असतात. अधिनियमाच्या कलम ४ नुसार या अधिकाऱ्यांची नावे व पदनामे स्वतःहून प्रसिद्ध करणे प्रत्येक कार्यालयावर बंधनकारक आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेल्यास कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांच्या आत योग्य प्राधिकरणाकडे हस्तांतरित करावा लागतो.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जाचे शुल्क १० रुपये असून ते न्यायालय फी मुद्रांक लावूनही भरता येते. छायाप्रतीसाठी प्रतिपान २ रुपये आकारले जातात. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना शुल्क लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे १५० शब्दांपर्यंत असावा लागतो. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याची सक्ती कलम ६(२) नुसार करता येत नाही.

काय मागता येते

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय (२०११) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्राधिकरणाकडे असलेली माहितीच द्यावी लागते. विखुरलेल्या माहितीतून नवे संकलन करून देण्याचे बंधन सर्वसाधारणपणे नसते. म्हणून 'नोटीस का दिली?' या प्रश्नापेक्षा 'नोटीस देण्याच्या निर्णयाशी संबंधित अहवाल व टिपणी यांच्या प्रती' ही मागणी अधिक परिणामकारक ठरते.

संख्यात्मक माहितीसाठी कलम व कालावधी निश्चित करावा लागतो. उदाहरणार्थ, '१ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात कांजूरमार्ग पोलीस ठाण्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ अन्वये दिलेल्या नोटिसांची महिनावार संख्या' अशी मागणी करता येते. अशी संख्या संकलित केलेली नसल्यास कलम २(ञ) मधील निरीक्षणाच्या अधिकारानुसार जावक नोंदवही किंवा संबंधित नोंदी पाहण्याची मागणी करता येते. नोटिसा देण्याविषयीची परिपत्रके व स्थायी आदेश, तसेच अभिलेख किती वर्षे जतन करावयाचा याचे नियम हेही मागता येतात.

स्वतःस मिळालेल्या नोटिशीबाबत तिची प्रत, जावक क्रमांक, बजावणीची नोंद आणि ती ज्या अहवालावर आधारलेली आहे त्याची प्रत मागता येते. अनेकदा समज केवळ तोंडी दिली जाते. अशा वेळी ठाणे दैनंदिनीतील त्या दिवसाच्या नोंदीचा उतारा मागता येतो.

माहिती नाकारण्याची कारणे

कलम ८(१)(छ) नुसार एखाद्याचा जीव धोक्यात येईल किंवा पोलिसांना विश्वासाने माहिती देणाऱ्याची ओळख उघड होईल अशी माहिती नाकारता येते. त्यामुळे तक्रारदाराचे नाव झाकले जाऊ शकते. कलम ८(१)(ज) हे तपास, अटक किंवा अभियोगात अडथळा आणणाऱ्या माहितीविषयी आहे. भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त (२००७) या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटले, की केवळ तपास चालू आहे हे कारण पुरेसे नाही. अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते.

कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहितीशी संबंधित आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ द्वारे त्यात बदल झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो अंमलात आला. वैयक्तिक माहितीस सूट देताना या कलमात पूर्वी असलेली व्यापक लोकहिताची कसोटी त्यातून निघाली. मात्र कलम ८(२) कायम आहे. लोकहित हे संभाव्य हानीपेक्षा मोठे असल्यास त्यानुसार माहिती देता येते. दुसऱ्याची नोटीस नावानिशी मागणारा अर्ज यामुळे फेटाळला जाण्याची शक्यता अधिक असते. संख्या, कलमे व कारणांचे प्रकार यांना हे कारण लागू होत नाही. एखाद्या कागदाचा काही भाग गोपनीय असल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित भाग द्यावा लागतो.

मुदत व अपील

उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. मुदत उलटल्यास माहिती विनामूल्य द्यावी लागते. उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. त्याचा निकाल ३० दिवसांत, कारणे नोंदवून जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यावयाचा असतो. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. महाराष्ट्रात प्रत्येक अपिलास २० रुपये शुल्क आहे. वाजवी कारणाशिवाय माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्यास आयोग प्रतिदिन २५० रुपये, कमाल २५,००० रुपये शास्ती करू शकतो. दुसऱ्या अपिलाच्या निकालासाठी मात्र अधिनियमात मुदत दिलेली नाही.

प्रथम खबरी अहवाल व इतर देशांशी तुलना

यूथ बार असोसिएशन विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालानंतर संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकणे आवश्यक झाले. म्हणजे गुन्हा नोंदवलेल्या व्यक्तीविरुद्धचा आरोप सहज वाचता येतो. गुन्हा न नोंदवता दिलेल्या नोटिशीबाबत तशी तरतूद नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये गुन्ह्याची कबुली देणाऱ्या व्यक्तीस पोलीस खटल्याऐवजी औपचारिक ताकीद देऊ शकतात. अशा ताकिदींची आकडेवारी तेथील न्याय मंत्रालय नियमितपणे प्रसिद्ध करते. महाराष्ट्रात कलम १६८ च्या नोटिसांची पोलीस ठाणेनिहाय संख्या जाणून घेण्यासाठी नागरिकास सहसा अर्जच करावा लागतो.